परशरामआप्पांचं हमीपत्र

लग्न लागून गेलं की माणसं पत्रिका कपाटावर फेकतात, नाहीतर तिच्यात लाडू बांधून शेजारी पाठवतात. कंग्राळीत आमच्या शेजारचे परशरामआप्पा तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का मारतात.

हा शिक्का त्यांचा स्वतःचा आहे. तहसील कार्यालयातून निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी तो बेळगावात, खडेबाजारातून करून आणला. वर कन्नड, खाली मराठी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “दोन्ही बाजूंना चालाया पायजे.” हे त्यांचं आवडतं वाक्य. कागद असो, जावई असो की सांबऱ्याहून आणलेली म्हैस असो, दोन्ही बाजूंना चालली तरच आप्पांना पसंत पडते.

रोज सकाळी चहा झाला की आप्पा कट्ट्यावर शाईचं पॅड घेऊन बसतात. कॅलेंडरचं कालचं पान, भरलेलं लाईट बिल, संपलेल्या औषधाची चिठ्ठी, सगळ्यांवर धाडधाड शिक्के बसतात. एकदा माझ्या मुलाचं सहामाहीचं प्रगतिपुस्तक त्यांच्या हाती लागलं. वार्षिक निकाल आला होता, म्हणून त्यांनी सहामाही रद्द करून टाकली. मी भांडायला गेले, तर मलाच समजावलं, “टीचर, रद्द न मारलेला कागद म्हंजे जित्ता कागद. त्यो कवा बी उठून बसतोय.”

मी बेळगावच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते, त्यामुळे आप्पांच्या लेखी मी बिनपगारी दुभाषी आहे. अर्ज इंग्रजीत असला की त्यांची हाक आलीच. मी चिडते, कुरकुरते, आणि पेन घेऊन जाते.

आप्पांचा एकुलता एक मुलगा महेश बारा वर्षं अमेरिकेत आहे. दोन वर्षांपूर्वी तो तिकडचा नागरिक झाला. सून रेणुका बेळगुंदीची. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तिला तिकडं राहता येतं, पण पासपोर्ट अजून आपलाच. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून आप्पा घरात एकटे. दर रविवारी सकाळी ते फोन तांब्याला टेकवून कट्ट्यावर बसतात आणि अमेरिकेशी बोलतात. आवाज असा लावतात, की फोन नसता तरी चाललं असतं. त्यामुळे त्या घरातलं काहीच आमच्या गल्लीला गुपित नाही.

एका रविवारी महेशने सांगितलं, की दोघं युरोपला फिरायला जाणार आहेत. स्पेन, फ्रान्स, इटली.

“मला व्हिसा लागत नाही आप्पा, रेणुकाला लागतो.”

“का? तिनं काय केलंय?”

“तिचा पासपोर्ट भारताचा आहे ना.”

“मग बरोबर हाय की तिचं. तुझंच चुकलंय.”

पुढे आठवडाभर आप्पा भेटेल त्याला हा तिढा सांगत होते. “आमच्या घरात पोटचं पोरगं फारिनर झालंय आणि सून तेवढी आपली ऱ्हायलीया. आणि दारात अडवत्यात कुणाला, तर सुनंला!” शिवाय एकाच व्हिसावर वीस-पंचवीस देश फिरता येतात आणि वाटेत नाकाच नाही, हे कळल्यावर तर ते खवळलेच. “निपाणी सोडून म्हाराष्ट्रात कागलला जायाचं म्हटलं तर आमी दोन भाषंत कागद घिऊन फिरतोय. आणि तितं बॉर्डर कुटं गेली कळत बी न्हाय म्हणं!”

इथवर गंमत होती. पण पुढच्या रविवारी रेणुकाचा आवाज पडलेला होता. तिचा व्हिसा नाकारला गेला होता. पुढं शिकायचं म्हणून तिनं महिन्यापूर्वी नोकरी सोडली होती, त्यामुळे कंपनीचं पत्र नव्हतं. फिरून झाल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही, असा शेरा मिळाला. विमानाची तिकिटं काढून झालेली. आणखी एकदाच अर्ज करता येण्याइतका वेळ उरला होता, तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली होती.

“कॉलेजचं पत्र लावतेय आप्पा, घराचे कागद लावतेय. तरी भीती वाटतीया.”

“तू परत येणार याचा पुरावा पायजे न्हवं?” आप्पांनी धोतराचा सोगा सावरला. “आमी देतो की.”

आमच्याकडे कशाचीही खात्री द्यायची झाली की पाच पंच बसतात आणि हमीपत्र होतं. बांधाचं भांडण मिटलं, हमीपत्र. रुसून माहेरी आलेली लेक सासरी निघाली, हमीपत्र. आप्पांनी जन्मभर अशी शेकड्यांनी लिहिली. ती परदेशी कचेरीत चालतील का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, “माणूस परत येतंय का न्हाय, हे त्येच्या गावाबिगर कोण सांगणार?”

लगेच बाँड पेपर आणला. पंच ठरले. दूध सोसायटीचे चेअरमन, निवृत्त पोस्टमन, तालमीचे वस्ताद, बेळगुंदीहून मोटारसायकलवर आलेले रेणुकाचे वडील, आणि पाचवी मी, कारण माझी सही इंग्रजीत आहे. चेअरमननी सोसायटीचा शिक्का मारला. “गोल शिक्का बघितल्याबिगर इंग्रज हलत न्हाय,” म्हणाले. स्पेनमध्ये इंग्रज नसतात, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. वस्तादांना झकास सही येते, तरी कागद भक्कम व्हावा म्हणून त्यांनी अंगठाही उठवला.

मी घाईघाईत सही केली होती. नीट वाचलं ते संध्याकाळी, इंग्रजी करायला बसल्यावर. आप्पांचं अक्षर मोत्यासारखं आहे. ‘सदर सून स्वभावाने शांत असून, परदेश पाहून झाल्यावर इकडेतिकडे न रेंगाळता मौजे कंग्राळी येथील राहत्या घरी परत येईल, याची आम्ही खालील सह्या करणारे पंच हमी देतो.’

मी पेन ठेवलं आणि तशीच आप्पांकडे गेले.

“आप्पा, तिनं परत कुठं जायचंय?”

“घरी.”

“त्या लोकांना ती अमेरिकेत परत जाणार याची खात्री हवी आहे. तुम्ही कंग्राळी लिहिलंय. हा कागद लावला तर मिळणारा व्हिसासुद्धा मिळायचा नाही!”

माझा आवाज शाळेतला लागला होता, आता आठवलं की लाज वाटते. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हा माणूस चूक दाखवणाऱ्याशी तासभर वाद घालतो. मी त्या वादाची वाट बघत उभी राहिले, पण तो आलाच नाही.

“व्हय,” एवढंच म्हणाले. “चुकलंच की.”

दुसऱ्या दिवशी नवा बाँड आला. पंच पुन्हा जमले, चेअरमन कुरकुरले, वस्तादांनी पुन्हा अंगठा दिला. आप्पांनी लिहायला घेतलं. ‘परदेश पाहून झाल्यावर’ इथपर्यंत पेन सरसर चाललं आणि थांबलं.

“अमेरिकेतल्या घरी,” ते म्हणाले. “घरीच लिवायचं न्हवं, टीचर?”

“हो आप्पा. घरीच.”

त्यांनी लिहिलं. अक्षर तेवढंच सुबक आलं. तीन झेरॉक्स काढल्या, मी केलेलं इंग्रजी जोडलं, आणि पाकीट अमेरिकेला रवाना झालं.

तीन आठवड्यांनी, रविवार नसताना, भल्या सकाळी आप्पांची हाक ऐकू आली. “टीचर! मिळालाऽऽ!” मी पोळी तव्यावर टाकून धावले. फोनमध्ये रेणुका हसत होती. कॉलेजचं पत्र, बँकेचे आणि घराचे कागद सगळं बघून झाल्यावर काउंटरवरच्या बाईंनी हमीपत्र उलटसुलट करून पाहिलं होतं, आणि अंगठ्यावर बोट ठेवून विचारलं होतं, हे कोण? रेणुकाने सांगितलं होतं, “माझं गाव.”

आप्पांना त्या बाईंचं काही पडलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, “कागद परत दिला का ठेवून घेतला?”

“ठेवून घेतला, आप्पा.”

“फायलीला लावला!” आप्पा माझ्याकडे वळून ओरडले. त्या दिवशी चेअरमनपासून वस्तादांपर्यंत सगळ्यांना पेढे मिळाले. व्हिसा कॉलेजच्या पत्रामुळे मिळाला असं मला वाटतं, पण मी ते कंग्राळीत बोलून दाखवणार नाही.

माझी पोळी करपली ती करपलीच. चहा आप्पांकडेच झाला. चहा घेऊन ते रोजच्यासारखे पॅड उघडून बसले. रेणुकाने पाठवलेली नाकारलेल्या पहिल्या अर्जाची झेरॉक्स, रद्द. तो अर्ज ज्यात आला होता ते पाकीट, रद्द. कॅलेंडरचं कालचं पान, रद्द. मी व्हिसाच्या कागदांची त्यांची फाईल चाळत होते. तळाशी नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत एक बाँड दिसला. गोल शिक्का, पाच सह्या, एक अंगठा. मौजे कंग्राळी येथील राहत्या घरी परत येईल.

त्यावर काहीच मारलेलं नव्हतं.

“आप्पा,” मी म्हटलं, कारण माझी जीभ कधी जागेवर राहत नाही, “ह्याच्यावर शिक्का मारायचा राहिला.”

त्यांनी माझ्या हातातून ती पिशवी अलगद घेतली आणि पुन्हा तळाशी सारली.

“शाई वाळलीया, टीचर,” ते म्हणाले. “उद्या मारतो.”

पॅड आमच्या दोघांच्या मधे उघडं होतं. कालच्या पानावरचा शिक्का अजून ओला होता. मी चहाचे कप उचलले आणि विसळायला आत घेऊन गेले.