मारोतराव लातूरला चालत निघाले

आमच्या कॉलनीत विजेचे सात खांब आहेत. मारोतरावांना विचाराल तर ते सात बसथांबे आहेत. फाटकाजवळचा खांब नांदेड, पुढचा सोनखेड, पिठाच्या गिरणीसमोरचा लोहा, मग माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, आणि मैदानापलीकडचा शेवटचा लातूर. रोज सकाळी सातला मारोतराव नांदेडच्या खांबाला हात लावून झपाझप निघत. मध्येच एखाद्या खांबापाशी थांबून मनगट धरून नाडी मोजत आणि मोठ्यानं जाहीर करत, "माळाकोळी! गाडी हितूनच वापस!"

इथल्या शाळेत नोकरी लागून मी शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, या माणसाच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. पाचव्या दिवशी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "हाव मास्तर, बिघाडच हाय."

मारोतराव नांदेड-लातूर बसचे कंडक्टर. नोकरी बावीस वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी अहमदपूरच्या अलीकडं एक म्हैस रस्त्यात आली, ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला आणि तिकिटं देत उभे असलेले मारोतराव लोखंडी दांड्यावर डोक्यानं आपटले. "म्हशीला खरचटलंसुदिक न्हाई," हे ते दर वेळी सांगत. त्यात म्हशीबद्दलचं समाधान किती आणि स्वतःबद्दलची तक्रार किती, मला कधी कळलं नाही.

रक्त नाही, टाका नाही, फोटोतही काही नाही. पण डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की भिंत धरून खाली बसायचे. बावीस वर्षं इंजिनाच्या घरघरीत काढलेला माणूस! "आराम करा," असं जो तो म्हणाला. त्यांनी पडदे ओढून चार महिने आराम केला. बायको वारलेली, मूलबाळ नाही, त्यामुळं आरामात व्यत्यय आणणारंही कुणी नाही. "डोस्कं तर बरं होईना, वर पायबी चालणं इसरले," ते सांगत.

मग व्यायामोपचार करणारी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तिनं त्यांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं, नाडी मोजत राहिली आणि डोकं दुखायला लागलं त्या आकड्यावर थांबवलं. आता त्या आकड्याच्या थोडं खाली राहून रोज वीस मिनिटं चालायचं. डोकं जास्त दुखलं की थांबायचं. मग हळूहळू वाढवायचं.

दुखतंय डोकं आणि औषध पायांना, हे मला अजब वाटलं. मारोतरावांना अजिबात वाटलं नाही. "गाडी लई दिवस उभी केली की बॅटरी बसती का न्हाई? आन एकदम रेस केली की धूर. म्हणून धूर निघायच्या आधी थांबायचं. सोपं हाय."

कुतूहलापोटी मीही सोबत चालू लागलो. मी मागं पडलो की आवाज यायचा, "मास्तर, पुढं सरका, पुढं जागा हाय!"

एकदा बरं वाटतंय म्हणून पठ्ठ्यानं लोह्यापासून थेट चाकूरपर्यंत धूम ठोकली. त्यानंतर दोन दिवस पडदे बंद. तिसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्यानं बाहेर आले. "डॉक्टरीणबाईनं मेमो दिला. पुन्यांदा सोनखेडपासून."

महिनाभरानं त्यांनी लातूरच्या खांबाला हात लावला. नाडी ठीक, डोकं ठीक. मी टाळ्या वाजवल्या. ते मात्र खांब धरून उभेच राहिले.

"काय झालं?"

"काय न्हाई. खऱ्या लातूरला गाडी लागली की क्लाससाठी राहिलेली पोरं पळत येतेत बघा. गावागावाहून त्यांच्या आया डबे देतेत गाडीत. 'मामा, आमचा आला का? मामा, आमचा?' नुस्ता गलका." मग रिकाम्या मैदानाकडं बघून म्हणाले, "हितं कोण येतंय?"

ड्युटीवर घेण्याआधी एकदा नुसतं बसून जाऊन या, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. रविवारी मी सोबत गेलो. अहमदपूरच्या वळणांवर त्यांच्या कपाळाला घाम फुटला, पण लांबच्या झाडांवर नजर ठेवून त्यांनी निभावलं. लातूर जवळ आलं तसे दाढीवरून हात फिरवू लागले.

स्टँडवर पोरं पळत आली. पण जूनमध्ये नवी बॅच आली होती. साध्या कपड्यातल्या मारोतरावांना ओलांडून सगळी नव्या कंडक्टरभोवती जमली. गर्दी पांगली तरी एक मुलगी तिथंच होती. "माझा डबा आलाच नाही?" कंडक्टरनं मान हलवली.

मारोतराव गाडीत चढले, शेवटच्या बाकाखाली वाकले आणि चाकावरच्या उंचवट्यामागं घरंगळलेला डबा काढून आणला. रुमालानं पुसून तिच्या हातात दिला.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"मी? पॅसेंजर."

परतीच्या गाडीत चाकूर येईपर्यंत ते डोळे मिटून बसले होते. मला काळजी वाटली. "डोकं दुखतंय का?"

"न्हाई, डोस्कं ठीक हाय." ते खिडकीबाहेर बघू लागले. "पोरीचे हात गार पडले होते, मास्तर. सकाळधरनं जेवली नसंल."