दिवंगत सासऱ्यांचं पेन

खोटं मला दुरून ओळखता येतं. ही बढाई नाही, हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. विमा कंपनीत गेली बावीस वर्षं मी दाव्यांची छाननी करतो. जळालेली दुकानं, चोरीला गेलेले दागिने, जिन्यावरून पडलेले मामा, सगळ्यांच्या कहाण्या माझ्या टेबलावरून जातात आणि त्यातली कुठली घरी बसून रचलेली आहे, हे मी तिसऱ्या ओळीला सांगतो. माझी कसोटी साधी आहे. खरं बोलणारा माणूस थोडक्यात सांगतो, खोटं बोलणारा तपशील देत सुटतो. मामा जिन्यावरून पडले, इथपर्यंत ठीक. मामा हातात दुधाची पिशवी घेऊन सातव्या पायरीवरून पडले आणि पडता पडता 'सांभाळ रे' म्हणाले, की मी लाल शेरा मारतो.

ऑफिसात नवीन माणूस आला की हे मी त्याला ऐकवतोच. पुढे जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं, एवढं ध्यानात ठेवा.

सुरुवात झाली खुर्चीपासून. ऑफिसच्या वाटेवर फर्निचरचं दुकान आहे. त्याच्या काचेमागे एक खुर्ची होती, पाठ मागे झुकणारी आणि पाय आपोआप वर उचलणारी. मी तिच्यात चार वेळा बसून 'विचार करून सांगतो' म्हणालो होतो. पाचव्या वेळी दुकानदार जागचा उठलासुद्धा नाही. तशी खुर्ची मला हवीच होती आणि पगारात ती काही केल्या बसत नव्हती. त्याच आठवड्यात मोज्यांच्या खणात हात घालताना माझ्या बोटांना एक डबी लागली.

डबीत पेन होतं. काळं, जड, सोनेरी निबचं, परदेशी बनावटीचं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. सासरे नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. गेली एकोणीस वर्षं ते आमच्याकडे आले की चहाचा पहिला घोट झाल्यावर एकच प्रश्न विचारायचे, "जावईबापू, पेन वापरता ना?"

आणि मी म्हणायचो, "रोज."

खरं सांगायचं तर मी ते एकदाच वापरलं होतं. कोंबडीनं अंगण उकरावं तसं त्यानं कागद उकरला. मी झाकण लावलं आणि ते मोज्यांत ठेवून दिलं.

"विका," बायको म्हणाली. "मोज्यांना काही लिहायचं नसतं. पण एक सांगते, बाबांना कळता कामा नये. बोलून दाखवणार नाहीत ते, पण मनाला लावून घेतील. या वयात मला ते नको."

"कळणार कसं?"

"तुमच्यामुळे."

मी दुर्लक्ष केलं आणि पेन घेऊन पेनवाल्या काकांकडे गेलो. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. रुंदी कपाटाएवढी. आत एक टेबल, एक दिवा, एक स्टूल आणि निबांनी भरलेले काड्यापेटीएवढे शेकडो खण. काकांनी डोळ्याला भिंग लावलं.

"झाकण ओढू नका, साहेब. आट्यांचं आहे, फिरवून काढायचं." त्यांनी झाकणाची कडी दिव्याखाली धरली. "हा नंबर बघा. कोरलेला आहे. नकली पेनावर तो छापलेला असतो, नखानं खरवडला की सोनेरी भुकटी निघते. इथे खरवडा."

मी खरवडलं. माझं नख झिजलं, नंबर जागच्या जागी.

"निब अठरा कॅरेटची. पेन अस्सल." मग त्यांनी निब शाईत बुडवून कागदावर आठाचे आकडे काढले. कोंबडी पुन्हा उकरू लागली. काका थबकले, पेन डाव्या हातात घेतलं, आणि तेच पेन लोण्यावरून फिरावं तसं फिरलं.

"डावऱ्या माणसानं वर्षानुवर्षं वापरलंय. निब झिजून त्या हाताची झाली. उजव्या हातात हे जन्मात चालायचं नाही."

सासरे डावरेच आहेत. पण आपलं वापरलेलं पेन त्यांनी लग्नात का द्यावं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला खुर्ची दिसत होती.

"किती येतील?"

"निब धड असती तर तुमचा दोन महिन्यांचा पगार. आता निम्मे. पण जुनी पेनं जमवणारी हौशी माणसं असतात. ती विचारतात, पेन कोणाचं? मागे कोणी माणूस असला तर पूर्ण भाव देतात."

"माणूस आहे की. माझे सासरे."

"हयात?"

"ठणठणीत."

काकांनी तोंड वाकडं केलं. "मग कठीण. हयात माणसाचं पेन दुसराच विकतोय म्हटल्यावर गिऱ्हाईकाला वाटतं, चोरीचं असणार."

त्या क्षणी मी सासऱ्यांना मारलं.

संध्याकाळी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर मी फोटोसह जाहिरात टाकली. 'दिवंगत सासऱ्यांचं पेन. अस्सल. नाइलाजास्तव विकणे आहे.' तासाभरात 'जुनी शाई' या नावानं निरोप आला.

'निबचा जवळून फोटो पाठवा.'

पाठवला.

'निब एका बाजूनं झिजलीय. वापरणारे डावरे होते का?'

मला धन्य वाटलं. गिऱ्हाईक जाणकार होतं. 'होय,' मी लिहिलं. 'अगदी डावरे.'

'कधी गेले?'

'चार वर्षं झाली.'

'कशानं?'

इथे मी 'वयोमानानं' लिहून थांबायला हवं होतं. दुसऱ्या कोणाचा दावा असता तर मीच म्हटलं असतं, की अरे, थांब. पण खुर्ची डोळ्यांपुढे पाय उचलत होती. मी लिहिलं, की ते टेबलाशी बसून आयुष्यातला शेवटचा नकाशा पुरा करत होते. नदीचं शेवटचं वळण काढलं, सही केली, आणि पेन हातातून गळून फरशीवर पडलं. निबला मात्र धक्कासुद्धा लागला नाही. डोळे मिटण्यापूर्वी ते एवढंच म्हणाले, 'हे जावयाला द्या.'

लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले.

पलीकडून आलं, 'फार चांगले गृहस्थ होते म्हणायचे.'

'देवमाणूस,' मी लिहिलं.

'पूर्ण भाव देईन. रविवारी सकाळी अकराला स्वतः येऊन बघेन.'

मी जाऊन बायकोला खुर्ची कुठे ठेवायची ते विचारू लागलो, तर ती फोन खाली ठेवत म्हणाली, "बाबा येतायत. रविवारी. बारा वाजेपर्यंत पोचतील."

मेलेला बारा वाजता येणार आणि त्याचं पेन घेणारा अकरा वाजता. एकानं घासाघीस लांबवली आणि दुसऱ्याला गाडी लवकरची मिळाली, की दोघं दारात समोरासमोर! मी 'जुनी शाई'ला लिहिलं, शनिवारी या. नाही म्हणाले. सोमवार? नाही. रविवार, अकरा. शेवटी मी त्यांना घराऐवजी काकांच्या दुकानाचा पत्ता दिला. काकांना 'सासरे वारले' एवढंच बोला म्हणून आधीच पढवून ठेवलं. ते अस्सलपणाची ग्वाही देतील, पाच मिनिटांत व्यवहार, बाराच्या आत मी घरी, हजर आणि निष्पाप.

रविवारी मी पांढरा शर्ट घातला. पेन चालतं हे दाखवता यावं म्हणून त्यात शाई भरली, झाकण दाबून बसवलं आणि पेन खिशाला लावून निघालो.

दुकानात स्टुलावर एक पाठमोरे गृहस्थ बसले होते. राखाडी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. ती टोपी मी ओळखली. गेल्या वर्षी आम्हीच घेऊन दिली होती.

"बाबा?" मी म्हणालो. "तुम्ही इथे कसे?"

"या, जावईबापू."

माझं डोकं भराभर चाललं. सासरे शाई घ्यायला आले असणार, त्यांना हातापाया पडून बाहेर काढायचं आणि गिऱ्हाईक यायच्या आत घरी पोचवायचं. मी काकांना डोळ्यांनी खुणा करू लागलो. काकांना खुणा कळत नाहीत. ते आनंदानं उठले.

"आलात? हे बघा, साहेब, हेच तुमचं गिऱ्हाईक." मग सासऱ्यांकडे वळून, "आणि ज्यांचे सासरे वारले ना, ते हे."

दुकानात माणसाला मागे सरकायलाही जागा नव्हती.

"चार वर्षं झाली म्हणे मला," सासरे म्हणाले.

"बाबा, ते... जाहिरातीसाठी..."

"मरण चांगलं दिलंत. तक्रार नाही. पण निब न वाकता पेन फरशीवर पडत नाही. तो तपशील जास्तीचा झाला."

बावीस वर्षांत इतका नेमका लाल शेरा मीसुद्धा मारला नव्हता.

मी पेन काढायला खिशाला हात लावला, तर हात निळा झाला. खाली पाहिलं. छातीवर बशीएवढा निळा डाग पसरला होता आणि अजून पसरत होता.

"झाकण फिरवून लावायचं असतं," सासरे शांतपणे म्हणाले. "रोज वापरणाऱ्याला हे माहीत असतं."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी सगळं कबूल केलं. रोज काय, एकदाच वापरलं, मोज्यांत ठेवलं, खुर्चीसाठी विकायला काढलं. "तुमची आठवण विकायला निघालो, बाबा. मला खरंच लाज वाटते."

सासऱ्यांनी पेन रुमालानं पुसलं आणि डाव्या हातात धरलं. असे धरून बसले की मला त्यांच्याकडे बघवेना.

"आठवण कसली? हे तुम्हाला द्यायचं नव्हतंच," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्यासाठी नवं घेतलं होतं. दोन्ही डब्या एकसारख्या. लग्नाच्या गडबडीत चुकीची बांधली गेली. मला कळेपर्यंत तुम्ही चाळीस माणसांसमोर हे कपाळाला लावलंत आणि म्हणालात, आता जन्मभर रोज यानंच लिहीन. काय बोलणार मी? दिलेली वस्तू परत कशी मागायची?"

"म्हणून दर वेळी विचारायचात?"

"वाटायचं, एकदा तरी म्हणाल, 'नाही हो, पडून आहे.' मग म्हटलं असतं, 'द्या तर मग.' तुम्ही आपले रोज, रोज." त्यांचा आवाज जरा हलला. "शेवटी त्याच जातीचं दुसरं मिळतंय का म्हणून रोज त्या ॲपवर बघत होतो. नातवानं शिकवलं. तर हेच दिसलं."

एकोणीस वर्षं या माणसाला आपलं पेन हवं होतं आणि एकोणीस वर्षं मी त्यांना खूश करण्यासाठी ते नाकारत होतो. त्यांनी पाकीट पुढे केलं, पूर्ण भाव. मी ते परत त्यांच्या पिशवीत कोंबलं. खुर्ची मनातल्या मनात काचेमागे परत गेली.

"मग हे तरी घ्या," म्हणत त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. "तुमचं. तसंच ठेवलंय. तेव्हाच्या माझ्या दोन पगारांचं आहे, माझ्या पेनापेक्षा भारी. दुकानदार म्हणाला, एक नंबर माल."

पेन लखलखीत होतं. मी सवयीनं दिव्याखाली धरलं आणि झाकणाच्या कडीवरच्या नंबरावर नख फिरवलं.

सोनेरी भुकटी निघाली. नंबरातला सात निम्मा गेला.

मी काकांकडे पाहिलं. काकांनी भुकटीकडे पाहिलं. सासरे दोघांकडे बघत होते, मुलगी पहिल्यांदा शाळेच्या स्टेजवर उभी राहिल्यावर बाप बघतो तसे.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं, तशी मी डोळ्यांनी खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी खूण कळली. त्यांनी तोंड मिटलं.

"अस्सल आहे, बाबा," मी म्हणालो. एवढंच. एकही तपशील दिला नाही.

घरी बायकोनं दार उघडलं. माझा शर्ट बघितला, बाबांच्या खिशातलं पेन बघितलं.

"तुमच्यामुळे कळलं ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. बाबा मात्र चहाच्या आधीच कागद मागून डाव्या हातानं नदीची वळणं काढत बसले होते. तिनं ते पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. "जावईबापू, पेन वापरता ना?"

"रोज," मी म्हणतो. आणि आता ते खरं आहे. पेन उजव्या हातात झकास चालतं, फक्त गळतं. झाकण कितीही फिरवा, गळतं.

ऑफिसात नवीन माणूस आला की मी त्याला अजूनही सांगतो, खोटं मला दुरून ओळखता येतं. फक्त सांगताना खिशावर हात ठेवतो.