मोहाखालची इंग्रजी

"देवाजी गार्ड ना? इंग्रजीपायी येडा झाला जी तो! चार डाव मॅट्रिकले बसला, चारी डाव इंग्रजीत गेला. मंग रानात जाऊन मोहाच्या झाडाईले इंग्रजी शिकवे."

आमच्या गावच्या बसथांब्यावर चहाचे दुकान चालवणारा खुशाल हे आख्यान प्रत्येक गिऱ्हाइकाला कपाबरोबर फुकट देतो. ते त्याच्या चहाइतकेच पातळ आहे. देवाजी गेल्या दिवाळीनंतर ब्रह्मपुरीला लेकीकडे राहायला गेला, तेव्हापासून तर या आख्यानाला भरते आले आहे. ते खोडून काढणारा माणूस आता गावात उरला नाही, असा खुशालचा समज असावा. मी उरलो आहे. चौतीस वर्षे मी या तालुक्यात इंग्रजी शिकवली आणि देवाजीचा मास्तरही मीच होतो. त्याच्या चार नापासांचा डांगोरा हा माझ्या अध्यापनाचाही डांगोरा आहे. तो मी मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

खुशालच्या म्हणण्यातला एक अंश मात्र मान्य केलाच पाहिजे. देवाजी सरळ माणूस नव्हता. आयुष्यभर वनरक्षकाची नोकरी केल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ही एक तर राखायची असते किंवा जप्त करायची असते, एवढेच त्याला ठाऊक होते. बोलणे त्याला वर्ज्य होते. दिवसाकाठी तीन वाक्ये झाली की तो थकत असे, आणि त्या तिनांपैकी दोन वाक्ये "नोंद घेतली" हीच असत. बायको वारली तेव्हा सांत्वनाला गेलेल्या प्रत्येकाला त्याने मान हलवून "नोंद घेतली" असेच उत्तर दिले होते. लोक चिडले. मीही चिडलो होतो.

निवृत्त झाल्यावर पुढच्याच पावसाळ्यात हा माणूस माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला. हातात सतरा नंबरचा फॉर्म होता.

"गुरुजी, दहावीले बसतो. बाकीचं पाहून घेईन. इंग्रजी तेवढी तुमी पाहा."

त्या दिवसाची तिन्ही वाक्ये तिथेच संपली.

मी त्याला शिकवू लागलो. शिकवू लागलो म्हणण्यापेक्षा, एका नव्या बीटवर त्याची नेमणूक केली म्हणणे अधिक बरोबर होईल. पाठ्यपुस्तक हाती येताच त्याने प्रथम त्याची हद्द पाहिली, मग लाल पेन्सिलीने त्याचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला नंबर दिला. तो धडा वाचत नसे. धड्यात गस्त घालत असे. रोज संध्याकाळी तो मला वहीतली नोंद दाखवी : "धडा तिसरा. फेरी पूर्ण. संशयास्पद शब्द सात. पैकी चार ओळखीचे निघाले, तीन फरार." मी उच्चार दुरुस्त केला की तो म्हणे, "नोंद घेतली." दुसऱ्या दिवशी तोच उच्चार तसाच्या तसा जिवंत असे.

पण खरी अडचण तोंडी परीक्षेची होती. जो माणूस मराठीत बोलत नाही, तो इंग्रजीत काय बोलणार? मी त्याला सांगितले, "देवाजी, एकांतात जा आणि मोठ्याने वाच. घसा फुटेपर्यंत वाच." हा सल्ला मी चौतीस वर्षांत शेकडो मुलांना दिला, तो तंतोतंत पाळणारा हा एकच निघाला.

मार्च उजाडला. आमच्याकडे मार्चात दोन गोष्टी एकदम येतात, बोर्डाची परीक्षा आणि मोहफूल. पहाट फुटताच घरोघरच्या बाया टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. आणि एके दिवशी त्यांना दिसले की नाल्याकडच्या चौदा मोहांच्या बुंध्यांवर गेरूचे पट्टे ओढलेले आहेत आणि वर नंबर टाकले आहेत.

रानात झाडावर गेरूचा पट्टा आणि नंबर याचा अर्थ आमच्याकडे पोरालाही कळतो : झाड तोडायला काढले. तासाभरात सारे गाव नाल्यावर जमले. पुढे पार्बताबाई होती. मोहाच्या बायांची ती अघोषित सेनापती. शिवाय सरपणासाठी नेलेली तिची कुऱ्हाड देवाजीने नोकरीत असताना एकदा जप्त केलेली होती. सातव्या नंबरच्या झाडाखाली देवाजी पुस्तक उघडून उभा सापडला.

"काऊन रे गार्ड! नोकरी गेली तरी तुही खोड नाई गेली? आमच्या सासूचा मोहा हाये हा. कोन तोडते पाहू दे!"

"तोडाचा नाई," देवाजी म्हणाला. "हा धडा सातवा."

"काय सातवा?"

"इंग्रजीचा. एका झाडाखाली एक धडा."

सारे रान हसले. पार्बताबाईने पदराने डोळे पुसले आणि निकाल दिला : "वाच बापा, वाच. मोहा बी शिकू दे थोडा."

तेव्हापासून चार मोसम हा तमाशा चालला. पहाटेपासून उन्हे वर येईपर्यंत देवाजी चौदा झाडांची फेरी घाली आणि प्रत्येक बुंध्याशी उभा राहून, वनरक्षकाच्या हाकाऱ्याच्या आवाजात, संवाद म्हणे. "एक्सक्यूज मी सर! कुड यू टेल मी द वे टू द रेल्वे स्टेशन?" ज्या रानात एस.टी.सुद्धा मनात आले तरच येते, त्या रानात हा गृहस्थ मोहाला रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारत असे, आणि मोह सांगत नाही म्हणून पुन्हा विचारत असे. "थँक यू व्हेरी मच!" हे आभार तर थेट पाटलाच्या धानाच्या बांधीपर्यंत ऐकू येत. खुशाल म्हणे, "वाघ बी पळून गेला जी त्या इंग्रजीनं!" त्यावर बसथांबा खदखदून हसे. आणि खरेच, त्या चार मोसमांत नाल्याकडे वाघाचे पाऊल कोणी पाहिले नाही. ही गोष्ट खुशाल विनोद म्हणून सांगतो. या संपूर्ण प्रकरणात त्याच्या तोंडून निघालेले खरे वाक्य तेवढे एकच.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी देवाजी रानातली फेरी उरकून, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, नऊच्या गाडीने आरमोरीला जाई आणि चारच्या गाडीने परत येई. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा मोहाखाली हजर. पेपर झाला तरी वाचन चालूच. जूनमध्ये निकाल लागला की तो माझ्या ओसरीवर येई, खांबाकडे बघे आणि म्हणे, "बाकीचे निघाले, गुरुजी. इंग्रजी गेली."

पहिल्या वर्षी मी समजूत घातली. दुसऱ्या वर्षी मी त्याला दगड म्हणालो. तिसऱ्या वर्षी दगडाची क्षमा मागितली. चौथ्या वर्षी म्हणालो, "देवाजी, तुझ्यामुळे गावात मला तोंड दाखवायला जागा नाही. पुन्हा या ओसरीवर चढू नकोस."

"नोंद घेतली," तो म्हणाला, आणि पायरी उतरला.

आता जे खुशाल सांगत नाही, ते ऐका. देवाजीच्या नोकरीच्या शेवटच्या मोसमात याच नाल्याकडे, मोह वेचायला वाकलेल्या पार्बताबाईच्या धाकट्या जावेला वाघाने नेले. बीट देवाजीचे होते आणि पंचनामा त्यानेच लिहिला. रस्त्यावर पाटी होती, तीही त्याच्याच हातची : "मोह वेचताना गटाने जा, मोठ्याने बोला." पाटी शहाणी होती, पण आमच्याकडे मोह घराघराचे वाटलेले असतात. ज्याचे झाड त्याचे फूल. नाल्याकडची झाडे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. प्रत्येक बाई आपल्या झाडाखाली एकटी, वाकलेली आणि मुकी. गट कुणाशी करणार, आणि बोलणार कुणाशी? वाकलेले, न बोलणारे माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ते चौदा नंबर कोणत्या झाडांवर होते, हे खुशालने कधी जाऊन पाहिले आहे काय? गावालगतच्या एकाही मोहावर गेरू नव्हता. होता तो फक्त या एकट्या उभ्या झाडांवर.

मीही हे उशिरा पाहिले, आणि समजलो त्याहून उशिरा. गेल्या मार्चात त्याचे उच्चार जागेवरच दुरुस्त करावेत म्हणून मी काठी टेकत नाल्यावर गेलो. सातव्या झाडाखाली पार्बताबाई वेचत होती आणि वीस पावलांवर देवाजी, तिच्याकडे पाठ आणि नाल्याकडे तोंड करून, रेल्वे स्टेशन शोधत होता. पुस्तक हातात होते. डोळे पुस्तकात नव्हते.

"बाई, रोज कानाशी एवढा गोंगाट," मी म्हणालो, "त्रास नाही होत?"

"होते ना जी," ती मान वर न करता म्हणाली. "बंद झाला का जास्त होते."

हे सर्व मी परवा बसथांब्यावर, उभ्याने, चहा न घेता सांगितले. खुशाल हसला.

"चेल्याची लाज झाकून राह्यले तुमी, गुरुजी! राखण कराची होती तं सरळ कराची होती. भजन म्हनता आलं असतं. इंग्रजी कायले पाह्यजे? नापास होत होता म्हनून वाचत होता, बस."

सरळ राखण? ज्या गार्डाने कुऱ्हाडी जप्त केल्या, त्याची राखण या बायांनी घेतली असती? मोहाच्या बायांमध्ये रोज पहाटे उभ्या राहणाऱ्या विधुराला भजन म्हणता आले असते, पण खुशालच्या जिभेने त्या भजनाचे काय केले असते? विद्यार्थ्याला मात्र कोणी काही विचारत नाही, आणि नापास विद्यार्थ्याला तर नाहीच. पण खुशाल तर्काने हरणारा नाही. तर्क त्याच्या दुकानात उधारीवरही चालत नाही. म्हणून मी त्याच्यापुढे एक वस्तू ठेवली.

ब्रह्मपुरीला जाताना देवाजी ओसरीवर चढला नाही. पायरीखालूनच त्याने माझे पाठ्यपुस्तक वर सरकवले आणि गेला. मीही त्याला वर ये म्हणालो नाही. दगड वगैरे जे शब्द मी वापरले, ते मागे घेण्याचा प्रश्न येत नाही. ते एका नापास विद्यार्थ्याला उद्देशून होते, आणि तसा विद्यार्थी कधी अस्तित्वातच नव्हता. पुस्तक मी चार दिवसांनी उघडले. रेल्वे स्टेशनच्या संवादाच्या पानात खूण म्हणून एक कागद घडी करून ठेवला होता. मोहाच्या रसाने त्याचा कोपरा पिवळा पडला होता. तो बोर्डाचा होता, पहिल्याच वर्षाचा. इंग्रजी : त्रेपन्न. उत्तीर्ण.