आत फक्त रुमाल

"तीन घरांतून एकच तक्रार," घरं विकणारा एजंट फोनवर म्हणाला. "फोटो काढायला कुणी आलंच नाही म्हणतात. नळ दुरुस्त करणारी एक बाई तेवढी येऊन गेली म्हणे. उद्याच्या घरी जरा बघण्यासारखी जा, नाहीतर मला दुसरी फोटोवाली शोधावी लागेल."

धाकटीने फोन ठेवला आणि आपल्या काळ्या सॅककडे पाहिलं. दहा कप्पे, चार बकलं, बाजूला बाटलीचं फाटकं जाळं. सहा वर्षं ती विकाऊ घरांचे फोटो काढून पोट भरत होती, आणि सहा वर्षांत तिला एकाही घरात कुणी "बस" म्हटलं नव्हतं. हे आजच लक्षात आलं आणि तिला फार लागलं.

थोरली बहीण पर्सा शिवायची. तिने संध्याकाळपर्यंत मरून रंगाची एक झोकदार पर्स तयार केली. आत मऊ कप्पे, त्यांत कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश. ट्रायपॉडला छत्रीचं कव्हर. सगळं मिळून सात किलो भरलं.

"ताई, खांदा निखळेल गं."

"निखळू दे. चेहरा असा ठेव, की आत फक्त रुमाल आहे."

सकाळी अकराला धाकटी तसाच चेहरा ठेवून पोचली. दार काकांनी उघडलं. मुलीच्या गावी जायचं म्हणून काका-काकू सामान बांधून बसले होते, पण घर पाच महिने खपत नव्हतं. अकराला फोटोवाला येईल, साडेअकराला गिऱ्हाईक, असा एजंटचा निरोप होता. काकांची नजर पर्सवर गेली आणि त्यांनी ताडलं की गिऱ्हाईक अर्धा तास आधीच आलं, म्हणजे गरजू आहे.

"या ताई, बसा. पाणी की चहाच टाकू?"

धाकटी हबकली. पर्सला एवढा मान असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काकूंनी चांगल्या कपात चहा आणला.

"कुठून सुरू करू?" तिने विचारलं.

"मनाला येईल तिथून. घर आपलंच समजा."

ती पुन्हा हबकली. "उजेड छान आहे," ती म्हणाली. "हॉल मोठा दिसेल."

"दिसेल कशाला, आहेच मोठा," काका म्हणाले.

वीस मिनिटांनी बेल वाजली. दारात घामाघूम माणूस, पाठीवर फुगलेली काळी सॅक, हातात लांब नळकांडं. तो होता इंजिनिअर, घर घ्यायला आलेला; सॅकमध्ये मापाची टेप, नळकांड्यात नकाशे. पण काकांना ते कसं कळावं?

"मी ते घर..."

"माहीत आहे. वीस मिनिटं उशीर केलास. चपला बाहेर."

दहा मिनिटं आधी आलेला माणूस गांगरला आणि निमूट चपला काढून मोकळा झाला. काकांनी त्याला बेडरूममध्ये नेलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "ही भिंत बघ. चार वर्षं ओल आहे. फोटोत यायला नको, कपाट पुढे ढकल. खिडकी लागत नाही, ती उघडीच असू दे. वरचे लोक दिवसभर खुर्च्या ओढतात, पण ते काही फोटोत येत नाही. आणि बाहेर पार्टी चहा पीत बसलीय, तिच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही."

माणसाने काकांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि कपाट ढकललं. भिडस्त माणसांचं असंच असतं.

तेवढ्यात धाकटी चहा संपवून, कॅमेरा बाहेर काढून आत आली. "काका, हे कपाट मागे घेऊ या का? फोटोत खोली मोठी वाटेल."

"तुम्ही कशाला फोटो काढताय? हा काढेल की."

माणसाने घाम पुसला. "मी कशाला काढू? मी घर बघायला आलोय."

काकांचं उघडलेलं तोंड मिटेचना. काम गेलं आपलं, एवढंच धाकटीच्या मनात आलं.

"म्हणजे चहा भलत्याच माणसाला गेला," दारातून काकू म्हणाल्या.

माणूस पलंगाच्या कडेला टेकला. "मी चौदा घरं पाहिली. चौदाही मालकांनी शपथेवर सांगितलं, ओल नाही. भिंत दाखवणारे तुम्ही पहिलेच. त्यातून बाहेर दुसरी पार्टी चहा पितेय म्हटल्यावर मला धीरच निघेना. दुरुस्तीचं तेवढं वजा करा, घर मी घेतो."

दुपारी एजंटचा फोन आला तेव्हा धाकटी माफीचं वाक्य जुळवत होती.

"फोटो किती काढलेस?"

"एकही नाही."

"बरं झालं. काकांनी सगळं सांगितलं मला. फोटोशिवाय तासाभरात घर गेलं. आता मला फोटोवाली नकोच."

धाकटी फोन ठेवायला निघाली.

"उद्या दुसरं घर आहे," तो पुढे म्हणाला. "अकराला जाऊन बसायचं. गिऱ्हाईक आलं की नुसता चहा प्यायचा, बोलायचं काही नाही. पैसे तेच. ती पर्स मात्र विसरू नकोस."

"आणि कॅमेरा?"

"तो कशाला?"

दुसऱ्या दिवशी निघताना थोरलीने तिला दारात अडवलं. "आज चेहरा का पडलाय? परवा शिकवलं ते विसरलीस?"

धाकटीने पर्स उघडून तिच्यापुढे धरली. आत फक्त रुमाल होता.