एकही वळण न घेता

वचनाचे पालन दोन प्रकारचे असते. एक अंतःकरणाने केलेले, आणि दुसरे शब्दाला घट्ट धरून आशयाला हळूच बगल देत केलेले. पहिल्याला पुण्याई लागते, दुसऱ्याला बुद्धी. ज्याच्यापाशी बुद्धी थोडी अधिक आणि पुण्याई किंचित उणी असते, अशा मनुष्याची परीक्षा नियती फार बारकाईने घेते. अमेरिकेतील मोंटाना राज्याचा आर्व्हिड न्यूगार्ड हा गृहस्थ या जातीचा होता. मनाने निर्मळ, स्वभावाने गोड, आणि ताज्या, कोऱ्या हिमाच्या बाबतीत मुळीच विश्वास ठेवू नये असा.

शुक्रवारी दुपारी सुरू झालेला हिमवर्षाव रात्रभर चालला. शनिवारी पहाटे आर्व्हिडने ओसरीच्या कठड्यावरील हिम किती साचले ते पाहण्यासाठी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. त्या क्षणी त्याच्या मुखावर जे तेज उमटले ते विवाहाच्या दिवशीही उमटले नव्हते, असे त्याची पत्नी व्हर्ना हिचे मत पडले.

"मंगळवारी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," कॉफी ओतत ती म्हणाली.

"म्हणून तर आज स्कीइंगला जायचं. नंतर सगळा हिवाळा काठी टेकत काढायचाय."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? गुडघा आणखी दुखावला तर ऑपरेशन उन्हाळ्यावर जाईल. म्हणजे पुढचा हिवाळाही गेला. खिडकीत बसून उसासे टाकणारा नवरा मला दोन हिवाळे घरात नकोय."

"यंत्रानं दाबून ठेवलेल्या सपाट वाटांवरच फिरेन. म्हाताऱ्या बायकांसारखा."

"मी म्हातारी बाई आहे, आणि तुझ्याआधी खाली पोचते. उत्तरेच्या खोऱ्याचं काय?"

हॅगर्टी डोंगराचे उत्तरेचे खोरे म्हणजे एक विशाल, वाडग्यासारखा उतार. मोठ्या हिमवर्षावानंतर तो दोर बांधून बंद ठेवतात, आणि धोका टळल्यावर दोर काढतात. दोर निघताच जो पहिला उतरतो, त्याच्या स्कीची रेघ त्या कोऱ्या शुभ्रतेवर प्रथम उमटते. आर्व्हिड तारुण्यापासून त्या डोंगरावर स्की करीत आला होता, पण हा मान त्याला कधीच लाभला नव्हता. दर वेळी कुणी ना कुणी त्याच्यापुढे असेच.

"त्या खोऱ्यात मी एकही वळण घेणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "शब्द देतो."

स्कीवर उतार उतरायचा तो नागमोडी वळणे घेतच, हे खरे; पण इतर सारे शब्द सोडून त्याने 'वळण' हाच का निवडला, हे त्या वेळी तो स्वतःलाही सांगू शकला नसता.

निघताना त्याने लाल जाकीट चढवले. शाळेच्या व्यायामशाळेत दर शरदात जुन्या स्की-सामानाचा बाजार भरतो, तेथे डोंगराच्या बचावपथकाने आपली झिजलेली जाकिटे विकायला काढली होती. पाठीवरचा पांढरा क्रूस उसवून टाकलेला होता, परंतु त्याखालच्या कापडाला ऊन न लागल्यामुळे क्रूसाची आकृती गर्द लाल रंगात जशीच्या तशी उरली होती.

"एक दिवस कुणीतरी तुला मोडलेला पाय बांधायला लावील," व्हर्ना म्हणाली.

"लावू दे की. डोंगराची आणि माझी इतकी ओळख आहे, मला काय येत नाही?"

डोंगराच्या पायथ्याशी ट्रकांच्या मागे शेगड्या पेटल्या होत्या, बेकन तडतडत होते, आणि लोक ते अर्धे चावतच बूट आवळीत होते. ताज्या हिमाच्या दिवशी कुणी कुणासाठी थांबत नाही. सख्खा भाऊ मागे राहिला तर त्याची गाठ सायंकाळी, हा तेथील शिष्टाचारच आहे. व्हर्नाने एरवी या शिष्टाचाराचा आदर केला असता, पण तिच्या बुटाचा चाप तुटला. तो दुरुस्त होईपर्यंत तिला पायथ्याच्या लॉजमध्ये बसणे भाग पडले.

"दुपारी सूप घ्यायला इथेच ये," ती म्हणाली. "आणि दोराच्या आसपास दिसलास तर बघ."

"नुसतं वर जाऊन हवा बघून येतो," आर्व्हिड म्हणाला, आणि लिफ्टच्या खुर्चीत बसून धुक्यात विलीन झाला.

वर उत्तरेच्या कड्याकडून धडाड धडाड आवाज येत होते. बचावपथक सुरुंग लावून सैल हिम पाडीत होते. म्हणजे दोर निघण्याची वेळ समीप आली होती. दोरापाशी अजून कुणी नव्हते. आर्व्हिडचा गुडघा ठणकू लागला होता, म्हणून त्याने स्की काढल्या आणि दोराला लागून असलेल्या देवदाराखाली तो पाय पसरून बसला. येथे बसण्यात वचनभंग नव्हता. पाहण्यात तर नव्हताच. आणि समजा दोर निघाला, समजा मनुष्य वळण न घेता तिरका, सावकाश, अगदी सरळ रेषेत उतरला, तर... हा युक्तिवाद पूर्णत्वास जाण्यापूर्वीच जखमींना नेण्याची रिकामी घसरगाडी ओढीत दोन लाल जाकिटे धुक्यातून प्रकट झाली.

वाचकांना येथेच एक गोष्ट सांगणे उचित होईल, कारण आर्व्हिडला ती फार उशिरा कळली. त्या सकाळी बचावपथकातील दोन शिकाऊ उमेदवारांची परीक्षा होती. पथकाची प्रमुख ग्लेंडा हिने त्यांना सांगितले होते, "वर एका झाडाखाली आपला निवृत्त गडी लीलंड बसलेला असेल, जुनं लाल जाकीट घालून. तो डोक्याला मार लागल्याचं सोंग घेईल. मी धडधाकट आहे म्हणेल, नाव भलतंच सांगेल, काहीही बरळेल. ऐकू नका. बांधा आणि खाली आणा." उमेदवारांनी लीलंडला कधी पाहिले नव्हते. काकतालीय न्यायाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण.

"सापडले," उंच मुलगा, टकर, म्हणाला. "काका, हलू नका. आम्ही आलोय तुम्हाला न्यायला."

आर्व्हिडच्या मनात चोर होता. त्याला एकच अर्थ सुचला. "व्हर्नानं पाठवलं तुम्हाला?"

टकरने आपली सोबतीण मॅरिसोल हिच्याकडे पाहिले. ती गुडघे टेकून बसली आणि मृदू स्वरात म्हणाली, "व्हर्ना कोण, काका?"

"माझी बायको. लाल टोपीवाली. तिनंच सांगितलं ना, मी दोरापाशी बसलोय म्हणून?"

"तुम्हाला दोर आठवतोय, छान. नाव काय तुमचं?"

"आर्व्हिड न्यूगार्ड."

"बरळतोय," टकर कुजबुजला. "अगदी सांगितल्याप्रमाणे."

"आज वार कोणता, काका?"

आर्व्हिडच्या डोक्यात या आठवड्यात एकच वार घोळत होता. "मंगळवार," तो म्हणाला, आणि लगेच, "नाही, मंगळवार म्हणजे ते गुडघ्याचं..."

मॅरिसोलने गुडघा दाबून पाहिला. आर्व्हिडने जी किंकाळी फोडली ती समोरच्या कड्यावरून परत आली.

"गुडघापण," टकर आदराने म्हणाला. "ग्लेंडानं फक्त डोकं सांगितलं होतं. यांनी स्वतःच्या मनानं गुडघा घातलाय. काय माणूस आहे."

"पोरांनो, मला काही झालेलं नाही. मी नुसता बसलो होतो."

"हो काका, सगळे तसंच म्हणतात."

पायाला खपची बसली, मानेला पट्टा बसला, आणि अंगावर कांबळे घालून त्याला घसरगाडीत करकचून बांधण्यात आले. आता आर्व्हिडला भय वाटू लागले ते निराळेच. आपल्याला खरोखरच काही झाले आहे, आणि ते आपल्याला आठवत नाही, असे तर नसेल? तो पडला होता का? केव्हा? आज शनिवार आहे, हे तरी नक्की का? दोन शहाणी माणसे एवढ्या ममतेने एखाद्याला बांधतात ती काही उगीच नव्हे.

मॅरिसोल वायरलेसवर बोलू लागली. "ग्लेंडाताई, पेशंट म्हणतोय मी पेशंटच नाही."

"उत्तम," यंत्रातून खरखरीत उत्तर आले. "त्यानं तसंच म्हणायचं आहे. उत्तरेच्या खोऱ्यातून आणा. सुरुंग लावून झालेत, खोरं सुरक्षित आहे. तुम्ही खाली आलात की मग दोर काढू."

"उत्तरेच्या?" आर्व्हिड कांबळ्याखालून म्हणाला. "नको, नको. मी शब्द दिलाय."

"कुणाला, काका?"

"व्हर्नाला."

"परत ती व्हर्ना," टकर म्हणाला, आणि हिमाचे तुषार उडू नयेत म्हणून त्याने आर्व्हिडच्या तोंडावर ताडपत्री ओढली.

धुके आता विरले होते, आणि दोरामागे रांग लागली होती. घसरगाडी जाताना पाहून कुणी तरी हळहळले, कुणी टोप्या काढल्या. मग घसरगाडीपुरता दोर उचलला गेला, आणि जगातील सारे ध्वनी एकदम थांबले.

ताडपत्रीच्या फटीतून आकाशाची एक निळी चीर दिसत होती. खाली हिम रेशमासारखे सळसळत होते. टकर पुढे, मॅरिसोल मागे, आणि मध्ये तो, उताणा, निश्चल, त्या कोऱ्या खोऱ्यातून सरळ खाली. कित्येक वर्षे ज्या उतरणीसाठी तो झुरला, ती त्याला लाभली होती. मात्र ती पाहण्याची सोय नव्हती.

पायथ्याशी ग्लेंडा गुण द्यायला उभी होती. घसरगाडी खोऱ्यातून येताना पाहून व्हर्नाही एका बुटानिशी लॉजबाहेर धावली. ताडपत्री दूर झाली आणि आत आपला नवरा पाहून तिचा चेहरा हिमाहून पांढरा झाला.

"आर्व्हिड, काय झालं?"

"काही नाही झालं गं. मला काहीही झालेलं नाही."

"बाई, हे नेहमी असंच म्हणतात का?" मॅरिसोलने विचारले.

"लग्न झाल्यापासून," व्हर्ना रडवेल्या स्वरात म्हणाली. "छतावरून पडला तेव्हाही हेच म्हणाला होता."

ग्लेंडा पुढे आली, तिने पेशंटच्या मुखाकडे पाहिले, आणि ती पाहातच राहिली. तेवढ्यात दोर निघाला असावा, कारण खोऱ्यातून आनंदाचे चीत्कार उमटले, आणि थोड्याच वेळात पाठीवर क्रूसाची तशीच गर्द आकृती असलेला एक वृद्ध नखशिखांत हिमाने माखलेला येऊन थांबला.

"ग्लेंडा," निवृत्त लीलंड धापा टाकीत म्हणाला, "पलीकडच्या झाडाखाली बसून बसून कंटाळलो. मला शोधायला कुणी आलंच नाही. म्हटलं, आता दोर निघालाच आहे तर उतरावं. काय हिम आहे, काय हिम."

टकर आणि मॅरिसोल यांचे चेहरे उतरले, कारण परीक्षेतला पेशंटच बदलला होता.

ग्लेंडाने खपची तपासली, मानेचा पट्टा तपासला, गाठी ओढून पाहिल्या. "माणूस चुकला," ती शेवटी म्हणाली, "काम नाही चुकलं. पास." मग ती आर्व्हिडकडे वळली. "न्यूगार्डसाहेब, माफ करा. पण तुम्ही वर नेमके कुठे बसला होता?"

व्हर्नाचे रडे थांबले. तिलाही हाच प्रश्न पडला होता, असे दिसले.

"दोरापाशी," आर्व्हिड आकाशाकडे पाहात म्हणाला. मान पट्ट्यात असल्याने दुसरीकडे पाहणे शक्यही नव्हते. "पण व्हर्ना, ते वर बघ. ती पहिली रेघ माझी आहे. त्यात एक तरी वळण दिसतंय का?"

तिने वर पाहिले. खोऱ्याच्या मधोमध एकच एक सरळ रेघ गेली होती, आणि इतरांच्या नागमोडी रेघा तिला आता छेदू लागल्या होत्या. गुडघा शाबूत होता, वचन शाबूत होते, आणि नवऱ्याच्या तोंडावर पहाटेचे तेच तेज होते.

"मुली," मग ती मॅरिसोलला म्हणाली, "त्या गाठी सोडायची घाई करू नकोस. मंगळवारपर्यंत असाच राहिला तरी चालेल. मी सूप इकडेच आणते."

मंगळवारी डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश येवो. त्या दोन उमेदवारांना खरा पेशंटही असाच नीट बांधता येवो. ज्याला कुणी शोधायला येत नाही, त्याच्यासाठी दोर वेळेवर निघो. आणि व्हर्नाच्या बुटाचा चाप पुढच्या हिमवर्षावापूर्वी दुरुस्त होवो, म्हणजे दोरापाशी दोघे शेजारी उभे राहतील.