व्यंकटरावांनी नापास केलेला स्टीमर

व्यंकटराव काका पायपुसण्याला इस्त्री करतात. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पायपुसणं धुऊन वाळलं की टेबलावर येतं, त्यावर पाण्याचा शिपका बसतो आणि चारही कडा सरळ होईपर्यंत इस्त्री फिरते. मग ते दारात अंथरलं जातं आणि आलेला पाहुणा त्यावर पाय ठेवायला बिचकतो. भाजीच्या पिशवीला इस्त्री, उशीच्या अभ्र्याला इस्त्री, भांडी पुसायच्या फडक्यालाही इस्त्री. नायलॉनच्या मोज्यांना एकदाच केली होती. तेव्हापासून इस्त्रीच्या बुडाला एक काळा डाग आहे आणि तो विषय त्या घरात काढायचा नसतो.

मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. मी पुण्याची, आयटीतली. काका पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचे. मराठी घरात जपलेलं, पण ‘स्वल्प’ म्हणजे जरासं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, हे दोन कन्नड शब्द घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुढे सरकत नाही. एका सरकारी कारखान्यात ते एकतीस वर्षं माल तपासायच्या खात्यात होते. आलेला सुटा भाग मोजायचा आणि पास की नापास ते लिहून खाली सही करायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं नोकरी संपली तरी काकांची तपासणी काही संपली नाही. कोपऱ्यावरची इडली नापास होते, नव्या रिक्षावाल्याचं वळण नापास होतं. माझी एक मैत्रीण जेवून गेली, तेव्हा दार लावता लावता काका म्हणाले, “पास. पण स्वल्प मोठ्याने हसते.”

काकू म्हैसूरला असतात. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. ते बाळ आता शाळेत जातं. रोज सकाळी फोन असतो, भांडण असतं, सगळं असतं. तुम्हीच का जात नाही तिकडे, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, तिथली इस्त्री हलकी आहे.

माझ्या कपड्यांशी त्यांचं नातं जुळलं ते मी राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. नोकरीचा पहिला दिवस होता आणि बॅगेतून निघालेला शर्ट चुरमुऱ्याच्या पुडीसारखा झाला होता. मी तशीच निघाले. काका फाटकापाशी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “पोरी, हे असं बाहेर जाता येणार नाही.” मी वर जाऊन शर्ट बदलून तो त्यांना दिला. सात मिनिटांत तो परत आला, असा की घालताना मीच जरा ताठ उभी राहिले. अनोळखी शहरात त्या सकाळी माझं कुणी आहे असं मला वाटलं. ते उपकार मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

तेव्हापासून दर रविवारी आठ वाजता मी आठवड्याचे कपडे घेऊन खाली जायची. शर्टाला सात मिनिटं हा हिशेब खरा, पण दोन शर्टांच्या मध्ये कॉफी असायची, कॉलर टोकाकडून आत का दाबायची यावर व्याख्यान असायचं आणि कारखान्यातल्या कुण्या साहेबाची गोष्ट असायची. बघता बघता अकरा वाजायचे. त्यातच ऑफिसात माझं काम बदललं. रोज बाहेरच्या लोकांसमोर उभं राहायचं, म्हणजे कपड्यांचा ढीग दुप्पट झाला. काका शहात्तर वर्षांचे आणि इस्त्री त्यांच्याइतकीच जुन्या बांधणीची, उचलताना माझंच मनगट वाकतं. मला अपराधी वाटायला लागलं, आणि खरं सांगायचं तर झोपही हवी होती.

कोरमंगलात राहणाऱ्या एका सहकारी मुलीने तिचा स्टीमर दाखवला. कपडा हँगरला लटकवायचा, वाफ मारायची, घालून निघायचं. टेबल नको, चादर नको. माझं मन तिथेच बसलं. मला स्टीमर हवा होता, पण काकांचं मन मोडून नको होता. आणि तो घेतला तर त्यांच्यापासून लपवणार कुठे?

म्हणून मी एक युक्ती केली. निवडायचं काम त्यांच्यावरच सोपवलं. तुम्ही पास कराल तोच घेईन, असं सांगितलं. काकांनी चष्मा पुसला, कपाटातून लांब रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखायला बसले. मला वाटलं, आपण भलत्याच हुशार आहोत.

पहिलं यंत्र आलं. जरा तिरकं धरलं की तोंडातून पाण्याचे थेंब उडायचे. माझ्या लिननच्या कुर्त्यावर टिपके पडले. “ही वाफ नव्हे, थुंकी,” काका म्हणाले, आणि यंत्र नापास झालं. यात वावगं काही नव्हतं. मीही तेच म्हटलं असतं.

दुसरं यंत्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. हातात हलकं, वाफ एकसारखी. कुर्ता दोन मिनिटांत नीट झाला. काकूंची म्हैसूर सिल्क कपाटातून काढून लटकवली, तर तिच्या घड्यांच्या जुन्या रेघा डोळ्यांदेखत विरल्या. मग काकांना सोवळं आठवलं.

पूजेच्या वेळी ते रेशमी मुकटा नेसतात. त्याला आंघोळ झाल्यावरच शिवायचं, इतर कशाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. ज्या इस्त्रीने पायपुसणं दाबलं ती मुकट्याला कशी लावणार? त्यामुळे पायपुसणं कडक आणि मुकटा चुरगळलेला, असा प्रकार त्या घरात वर्षानुवर्षं चालू होता आणि काकांना तो सलत होता. देवासमोर मी असा उभा राहतो, असं ते कसनुसं तोंड करून म्हणायचे. आता हे यंत्र तर कापडाला न शिवताच सुरकुती काढत होतं. पण त्यात पाणी कुणी भरलं होतं? मी, तेही उपमा खाल्ल्यावर. चाचणी तिथेच थांबली.

पुढच्या रविवारी काकांनी आंघोळ केली, ओलेत्याने स्वतः पाणी काढलं, यंत्र धुऊन पुसून त्यात भरलं आणि मला उंबऱ्याबाहेर उभं केलं. मुकटा उंच काठीवर होता. वीतभर अंतरावरून त्यांनी वाफ सोडली आणि कापड हळूहळू सरळ होत गेलं. काकांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दिवशी पूजा नेहमीपेक्षा बरीच लांबली. बाहेर येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, नापास. कारण, वायर दोन इंच कमी.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्याच्या पुढच्या रविवारी आवाज चढा निघाला. नंतर झाकण बंद होताना नीट वाजेना. मग बोअरच्या पाण्याची चाचणी झाली, मग दिव्याचा हिरवा रंग डोळ्यांवर येतो असं ठरलं. तोवर माझे कपडे जुन्या इस्त्रीखालून जातच होते, कॉफी होतच होती. माझ्या मात्र नाकी नऊ आले. हा माणूस नुसती खुसपटं काढतो आहे, असं मी मनात म्हटलं आणि एका रविवारी थोड्या तुटकपणे सांगूनही टाकलं. बुधवारी परत करायची मुदत संपते, मी हे परत पाठवते आणि दुसरं कुठलं तरी माझं मीच बघते. काका कॉलरवरून हात न उचलता “सरी” म्हणाले. यंत्राचं खोकं उचलून मी वर आणलं.

मंगळवारी संध्याकाळी दार वाजलं. भाडेकरूच्या खोलीत मालकाने पाऊल ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. एवढ्या वर्षांत ते वर कधी आले नव्हते. आता जिना चढून, धापा टाकत, रजिस्टर घेऊन ते उंबऱ्याबाहेर उभे होते. मी आत बोलावलं तरी आले नाहीत.

“परत पाठवू नकोस. ते रिपोर्ट चुकीचे आहेत,” ते म्हणाले. “यंत्र पहिल्याच दिवशी पास होतं.”

मी विचारलं, मग लिहिलं का नाही? त्यांनी रजिस्टर उघडून पुन्हा मिटलं.

“तू वरच्या वर कपडे करशील. मग खाली कशाला येशील?” आणि मग, अगदी हळू, “एकतीस वर्षांत चांगल्या मालाला नापास केलं नव्हतं मी. झोप नाही आली बघ.”

मला वाटत होतं की दर रविवारी मी त्यांच्याकडून घेते आहे आणि त्याचं ओझं कमी करायला हवं. मीही तिथे काही नेते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“काका,” मी कोपऱ्यातलं खोकं उचलून आणत म्हटलं, “हे यंत्र इथे चालायचं नाही. माझ्या खोलीतला प्लग ढिला आहे. खालीच ठेवावं लागेल. रविवारी आपण तिथेच वापरू.”

तो प्लग गेल्याच महिन्यात काकांनी आधी खाली स्वतः तपासून, मग वर माणूस पाठवून बसवून घेतला होता. तिथे दारात उभं राहूनही तो सरळ समोर दिसत होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोकं माझ्या हातातून घेतलं, काखेत धरलं.

“ढिला प्लग वाईट,” ते म्हणाले. “स्वल्प लवकर ये रविवारी. कॉफी ठेवतो.”

आणि जगातली प्रत्येक वस्तू स्वतः तपासल्याशिवाय न मानणारा तो माणूस, त्या प्लगकडे एकदाही न बघता, कठडा धरून सावकाश जिना उतरून गेला.