दुसरा भाग कोण ऐकतो?

"गाण्याचा दुसरा भाग या जगात कोणीही ऐकत नाही," असं ली प्रुएट छातीठोकपणे सांगायचा. आणि त्याला कळत नाही म्हणायची सोय नव्हती, कारण तो स्वतः गाणी विकत होता. ब्रिस्टलच्या बेडमिन्स्टर भागात, घरामागच्या गॅरेजमध्ये, त्याची 'ग्रम्पी गूज' नावाची रेकॉर्ड कंपनी होती. कंपनी म्हणजे ली, एक कॉम्प्युटर आणि तोंडात सिगार धरलेल्या चिडक्या हंसाचं एक चित्र.

ही कंपनी फक्त जंप-अप काढायची. जंप-अप म्हणजे ड्रम अँड बेस या क्लबातल्या नाच-संगीताच्या घराण्यातलं दांडगट पोर. वर ड्रम उधळलेले आणि खाली नळात हवा अडकल्यासारखा गुरगुरणारा बेस. आधी जरा हूल देतात, मग बेस धाडकन कोसळतो. हा ड्रॉप. तो आवडला की लोक हवेत बोट गोल फिरवून कल्ला करतात आणि डीजे गाणं मागे ओढून पहिल्यापासून लावतो. हा रिवाइंड. एक-दोन रिवाइंड झाले की डीजे पुढच्या गाण्यावर उडी मारतो. तेव्हा लीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

या खेपेला चार नवी गाणी निघायची होती. त्यातलं मुख्य गाणं 'ओले मोजे'. ते रचणाऱ्या कीरनला मध्येच स्वानसीत कार्पेट बसवायचं काम मिळालं आणि तो गाणं अर्धवट टाकून निघून गेला.

"पहिला भागच परत चिकटव की," तो फोनवर म्हणाला. "कोणाला कळतंय?"

लीने चिकटवला. चिकटवताना फोन स्पीकरवर होता, गप्पा रंगात आल्या होत्या आणि कॉम्प्युटरवर माइकचं लाल बटण चालू राहिलं होतं. झालेलं काम त्याने एकदा तरी ऐकून पाहावं की नाही? पण दुसरा भाग कोण ऐकतो?

गाणी डीजे मंडळींना आगाऊ गेली. शेरा लिहिल्याशिवाय गाणं उतरवून घेता येत नाही, असा या धंद्यातला रिवाज. त्यामुळे शेरे धडाधड आले. 'तुफान.' 'छप्पर उडवणार.' एकाला तर तिसरं गाणं सगळ्यात जास्त आवडलं. तिसरं गाणं चढवायचंच राहून गेलं होतं.

ही गाणी चालणं लीला फार गरजेचं होतं. त्याची सासू ग्लेंडा गुडघ्यांपायी वरच्या मजल्यावरचा आपला फ्लॅट सोडून लेकीकडे आली होती आणि पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती. लीच्या बायकोला, शोनाला, गॅरेजची खोली करून आईला द्यायची होती. लीने थाप ठोकून दिली की गॅरेजच्या छपरात ॲस्बेस्टॉस आहे, म्हाताऱ्या माणसाच्या छातीला ते बाधेल.

शोनाला ते पुरतं पटलं नव्हतं. "या वेळची गाणी चालली तर गॅरेज तुझं," ती म्हणाली. "नाही चालली तर मी छप्पर तपासायला माणूस बोलावते."

ग्लेंडाला मात्र पटलं होतं. इतकं पटलं, की तिने स्वतःच्या पेन्शनमधून लीसाठी रंगारी लावतात तसा जाड मास्क आणला. "दिवसभर त्या विषात बसतोस, लाडक्या," ती म्हणाली. बेडमिन्स्टरमधल्या म्हाताऱ्या बायका बसवाल्यालाही लाडक्या म्हणतात, पण ग्लेंडाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तेव्हापासून ती खिडकीशी बसली असली की ली आपल्याच गॅरेजमध्ये मास्क लावून घामाघूम व्हायचा.

नव्या गाण्यांचा जलसा रविवारी भर दुपारी ठेवला होता. जंप-अपच्या जुन्या भक्तांनी आता चाळिशी गाठली आहे आणि सोमवारी त्यांना पोरं शाळेत सोडायची असतात. पबच्या पुढच्या बाजूला रविवारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मटण-बटाट्यांचं जेवण, आणि मागच्या हॉलमध्ये धिंगाणा. शोना आली. ग्लेंडाही आली आणि भाजलेल्या बटाट्यांची बशी घेऊन थेट स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसली.

"ग्लेंडा, कानांना त्रास होईल तुम्हाला," ली म्हणाला.

"उभी हयात सिगारेटच्या कारखान्यात यंत्रांशेजारी काढली मी. तुझं गाणं पुरतं ऐकल्याशिवाय उठायची नाही."

तेवढ्यात कीरनचा निरोप आला. 'हात गोंदाने भरले होते म्हणून गाणं बंद करता आलं नाही. दुसरा भाग ऐक. आधी बस, मग ऐक.'

ली संडासात जाऊन बसला आणि फोन कानाला लावला. बेसच्या वर, स्वच्छ आणि खणखणीत, त्याचाच आवाज होता. "कसलं ॲस्बेस्टॉस? छप्पर गेल्या वर्षी नवं घातलंय. म्हातारी आत घुसली की माझा स्टुडिओ गेला, म्हणून मारली थाप." बाहेर येऊन पाहतो तर मंचावर डीजे ट्रॉलीने 'ओले मोजे' लावलेलं.

ड्रॉप कोसळला. हॉल उसळला. रिवाइंड. पुन्हा ड्रॉप, पुन्हा रिवाइंड. लीच्या जिवात जीव आला. आता ट्रॉली पुढच्या गाण्यावर जाणार आणि आपण सुटणार.

"हे गाणं पुढे का सरकत नाही गं?" ग्लेंडाने शोनाला विचारलं. "बिघडलंय का?"

"अशीच पद्धत असते, आई."

"ही कसली पद्धत? दर वेळी एक घास दाखवायचा आणि ताट उचलायचं?" ती काठी टेकत मंचापाशी गेली. "ए लाडक्या, माझ्या जावयाचं गाणं आहे. एकदा तरी शेवटपर्यंत वाजव."

ट्रॉली आपल्या आजीच्या हाताखाली वाढलेला. त्याने माइक उचलला. "आजी म्हणतायत, गाणं पूर्ण झालं पाहिजे." हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला.

ली धावत पुढे आला आणि एकटाच बोट फिरवत ओरडू लागला, "रिवाइंड! रिवाइंड!" कंपनीचा मालकच म्हणतोय म्हणून ट्रॉलीने ऐकलं. पुन्हा म्हणाला, पुन्हा ऐकलं. मग लोक कावले.

"अरे, पुढे जाऊ दे की," एक टकलू ओरडला. "स्वतःच्या गाण्याचं किती कौतुक!"

त्यापुढच्या खेपेला ट्रॉलीने लीचा हात बाजूला सारला. पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला आणि भिंतीएवढ्या स्पीकरमधून ली प्रुएटचा आवाज घुमला. "कसलं ॲस्बेस्टॉस?"

मग सगळ्या हॉलला वाटलं, काय अफलातून कल्पना आहे! शेकडो बोटं हवेत गरगरू लागली. ट्रॉलीने आनंदाने रिवाइंड केला. म्हातारी परत आत घुसली, स्टुडिओ परत गेला. थोड्याच वेळात लोकांना शब्द पाठ झाले आणि लीची थाप सगळा हॉल तालावर म्हणू लागला. नाचत नव्हत्या त्या फक्त दोघी. शोना लीकडे पाहत होती आणि ग्लेंडा बशीकडे.

गाणी चालली, यात शंकाच नाही. लोक दारातच फोनवर 'ओले मोजे' विकत घेत होते. "ठरल्याप्रमाणे गॅरेज तुझं," शोना एवढंच म्हणाली आणि गाडी आणायला गेली. लीला त्या गॅरेजची शिसारी आली.

ग्लेंडा बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर बटाट्यांची बशी आणि शेजारी उघडी पर्स. पर्समध्ये तो मास्क होता. पब जुना आहे, छपराचं काय सांगावं, म्हणून तिने आठवणीने आणला होता. लीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ग्लेंडा, चुकलं माझं," तो म्हणाला. "मी तुमच्याशी..."

ग्लेंडाने बटाट्यात खुपसलेला काटा वर उचलला आणि हवेत गोल फिरवला.

"पहिल्यापासून, लाडक्या."

"चुकलं माझं, ग्लेंडा. मी..."

काटा पुन्हा फिरला. बाहेर आलेली मंडळी भोवती जमली होती आणि बोटं फिरवून म्हातारीला साथ देत होती. तिचे सगळे बटाटे संपले तेव्हा कुठे लीला त्या पहिल्या वाक्यापुढे जाता आलं.

"...मी थाप मारली. गॅरेज तुमचं."

ग्लेंडाने काटा बशीत ठेवला आणि पाठ टेकून नीट बसली.

"हा दुसरा भाग चांगला जमलाय," ती म्हणाली. "शोना गाडी घेऊन आली की तिलाही ऐकव."